बुटक्या टेकड्यांचा हिसका

चिल्टर्नच्या टेकड्यांना डोंगर म्हणायला सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची जीभ रेटत नाही. लंडनच्या वायव्येला पसरलेल्या या टेकड्यांतली सगळ्यात उंच जागा म्हणजे वेंडोव्हरजवळची हॅडिंग्टन हिल, आणि तिची समुद्रसपाटीपासूनची उंची अवघी २६७ मीटर. साताऱ्यात राजवाड्यापाशी भेळ खात उभा असलेला माणूस याच्या दुपटीहून जास्त उंचीवर असतो. इथे कडा नाही, दरी नाही, घसारा नाही. मऊ गवताचे गोलसर चढ, त्यांवर मेंढ्या आणि माथ्यावर बीच झाडांचं जंगल. मॅरिलबोनहून गाडीत बसलं की तासाभरात वेंडोव्हर येतं आणि स्टेशनातून बाहेर पडलं की चढ सुरू. पाहुण्यांना सायकल चालवायला न्यावं तर इथेच, असं कुणालाही वाटेल. पण माझ्या ओळखीतल्या मराठी सायकलवाल्यांना वेल्सच्या खऱ्याखुऱ्या डोंगरांपेक्षा या बुटक्या टेकड्यांनीच जास्त वेळा आडवं केलंय.

मी या टेकड्यांच्या पायथ्याशी राहतो. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर उन्हाळ्यात आणि दर दिवाळीला एक प्रश्न ठरलेला असतो: भारतातून भाऊ येतोय, मुलगा येतोय, त्याला माउंटन बाइकिंगचा नाद आहे, कुठे नेऊ? माझं उत्तर एका संदेशात मावत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी पायाखालच्या दगडाबद्दल बोलतो, कारण सगळं रामायण तिथून घडतं. आपल्याकडचा सायकलवाला काळ्या बेसाल्टवर आणि जांभ्यावर शिकलेला असतो. जांभा खरखरीत असतो, भिजला तरी टायरला धरून ठेवतो. बेसाल्टवर शेवाळ असेल तर तो घसरवतो खरा, पण शेवाळ हिरवं असतं, ते दिसतं. चिल्टर्नचा दगड आहे चॉक. साधारण १० ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म शेवाळांची चुनायुक्त कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचा हा मऊ पांढरा दगड झाला. त्याचा काळ संपत आला तेव्हा आपल्याकडे दख्खनच्या लाव्ह्याला सुरुवात होत होती. म्हणजे आपण ज्या दगडावर सायकल शिकलो आणि इथे ज्यावर चालवतो, ते दोन्ही स्वभावाने अगदी परके.

चॉक पाणी पितो. म्हणूनच या टेकड्यांच्या उतारांवर ओढे फारसे दिसत नाहीत आणि कितीतरी खोरी कोरडी असतात. पाऊस पडून गेला की पाणी झिरपून जातं, वाटेवर डबकं राहत नाही आणि माणूस फसतो. पाणी खाली गेलेलं असतं, पण दगडाच्या अंगावर एक पातळ पांढरा लगदा उरलेला असतो. मोदकांची उकड मळून झाल्यावर ओट्यावर पिठीचा जो ओला थर राहतो, त्यावरून बोट फिरवून पाहा. तसाच तो लगदा हाताला लागतो. टायरच्या खाचा त्याने काही फुटांतच भरतात आणि मग नक्षीदार टायर आणि गुळगुळीत टायर यांत फरक उरत नाही.

आता घडलं ते सांगतो. माझा मेहुणा साताऱ्याचा. यवतेश्वरचा घाट, कासची सडक, ठोसेघरकडच्या आडवाटा हे त्याचं रविवारचं मैदान. सायकलवर माझ्यापेक्षा कितीतरी सरस. दिवाळीसाठी बहिणीकडे आला होता, आल्या दिवसापासून टेकड्यांकडे नजर लावून बसला होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, सकाळी लख्ख ऊन. त्याच्यासाठी भाड्याने सायकल आणली, ती चांगली होती. फक्त टायर कमी नक्षीचे, वेगासाठी केलेले, आणि दगडासारखी हवा भरलेली. दुकानदार म्हणाला, “चिल्टर्नमध्ये हेच चालतात.” उन्हाळ्यात चालतातही.

चढ त्याने हसत हसत संपवला. माथ्यावर पोहोचलो तर डोक्यावर लाल घारी गोल फिरत होत्या. या घारी इंग्लंडातून माणसाने पार संपवल्या होत्या. १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून याच टेकड्यांत पुन्हा सोडली, आणि आता त्या इतक्या झाल्यात की नवखा माणूस सायकल चालवताना वरच बघत राहतो. (चालत्या सायकलवरून घारी बघायच्या नाहीत, हा आमच्या घरचा पहिला नियम. तो विनोदाने केलेला नाही.) मेहुणा मात्र वर बघत नव्हता. समोरची उताराची वाट बघून म्हणाला, “दाजी, आमच्या यवतेश्वरच्या डांबरी घाटात याच्यापेक्षा मोठे खड्डे असतात.” आणि सुटला.

त्या वाटेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तशा वाटा चिल्टर्नभर आहेत. टेकडीच्या धारेवरून खाली उतरणारी, शेकडो वर्षं गुरांच्या खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी खोल गेलेली, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे बांध आणि बांधांतून वाटेवर उतरलेली बीचची मुळं. वरचा भाग मोकळा, उन्हात वाळलेला, पकड उत्तम. खालचा भाग जंगलात. मेहुण्याने उन्हातला वेग तसाच सावलीत नेला. झाडीत शिरल्यावर त्याला उतार वाढतोय हे जाणवलं आणि त्याने ब्रेक दाबला. पिवळ्या-तांबड्या पानांखाली एक मूळ तिरकं पसरलेलं होतं, मनगटाएवढं जाड, साल निघून पांढरं झालेलं. पुढचं चाक त्याच्यावर आलं ते ब्रेक लागलेल्या अवस्थेत. मी पंचवीसेक फूट मागे होतो. चाक आदळलं नाही, उडालं नाही, बाजूला सरकून निघून गेलं, इतक्या शांतपणे की त्याला हात पुढे करायलाही वेळ मिळाला नाही. डाव्या खांद्यावर पडला आणि डोकं वाटेतल्या गारगोटीवर टेकलं.

हेल्मेट बाहेरून ठीक दिसत होतं, रंगावर एक ओरखडा. घरी येऊन आतलं अस्तर काढलं तेव्हा फोममध्ये केसाएवढी चीर दिसली, कानाच्या वरून मागेपर्यंत गेलेली. म्हणून सांगतो, एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून बघून पास करू नका. ते बदलायचं, मग कितीही महाग असो.

खांद्याचं हाड मोडलंय हे डॉक्टर नसलेल्या माणसालाही कळत होतं. मान दुखतेय का, हातापायांना मुंग्या येतायत का, आज वार कोणता, इथे कसा आलास, हे सगळं विचारून झालं. मान दुखत असती तर त्याला जागचा हलवला नसता. तुम्हीही हलवू नका. त्याची मान ठीक होती, शुद्ध पूर्ण होती, शिव्याही साताऱ्याच्याच येत होत्या. मग फोन काढला, तर रेंज नाही. या खोलगट वाटांत ती बहुतेक नसतेच. इथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी ९९९ लावून बघायचं, कारण तातडीचा कॉल दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या जाळ्यावरून जाऊ शकतो. माझा कॉल बांध चढून वर गेल्यावर लागला. पलीकडून प्रश्न आला, “तुम्ही नेमके कुठे आहात?” आणि माझ्याकडे उत्तर होतं, वेंडोव्हरच्या वरच्या जंगलात. ते जंगल केवढं आहे हे नकाशात बघा म्हणजे या उत्तराची किंमत कळेल.

तेव्हापासून आमच्या ग्रुपमधला प्रत्येक जण निघण्याआधी नकाशाचं अ‍ॅप फोनमध्ये उतरवून ठेवतो, रेंजशिवाय चालणारं. त्यात ब्रिटिश ग्रिडचा संदर्भ दिसतो: दोन अक्षरं आणि सहा आकडे. तेवढ्यावरून तुमची जागा शंभर मीटरच्या चौकोनात पकडता येते. तीन शब्दांत जागा सांगणारं अ‍ॅपही चालतं, पण तुटक्या लाइनवर, आपल्या उच्चारात, ते तीन शब्द सांगताना एकेक अक्षर फोडून सांगा. आकड्यांचा घोळ कमी होतो, म्हणून मी आकडेच पसंत करतो. शिवाय ९९९ला मजकूर पाठवण्याचीही सोय आहे, मात्र त्यासाठी आधी नोंदणी लागते. ‘रजिस्टर’ हा एक शब्द इंग्रजीत ९९९ला एसएमएस करायचा आणि उत्तरात येतील त्या सूचना पाळायच्या. कॉल धरत नाही तिथूनही मजकूर पोहोचू शकतो. आत्ता, हा लेख वाचता वाचता, करून टाका.

कुत्रा घेऊन फिरणाऱ्या एक आजीबाई आल्या. परिस्थिती बघून म्हणाल्या, “याला थंडी भरायच्या आत रस्त्याला लावा. इथून वनखात्याची गाडीवाट जवळ आहे, मी पुढे चालते.” त्या नसत्या तर आम्ही उगाच लांबच्या वाटेने गेलो असतो. थंडीचं त्यांनी सांगितलं ते अगदी खरं. चढावर घामाने भिजलेला माणूस ऑक्टोबरच्या सावलीत बसला की थोड्याच वेळात कुडकुडायला लागतो, आणि जखमेहून ते कुडकुडणं जास्त घात करतं. चिठ्ठीएवढी घडी होणारी चंदेरी पन्नीची चादर चहाच्या कपापेक्षा फार महाग नसते. ती पिशवीत टाका. रुग्णवाहिका आली, क्ष-किरण झाले, गळ्याखालचं हाड दोन तुकडे. हात झोळीत. मोठ्या माणसाचं हे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. भाऊबीज झोळीतल्या हातानेच झाली. साताऱ्याशी व्हिडिओ कॉल करताना बायकोने फोन असा धरला होता की सासूबाईंना लेकाचा फक्त चेहरा आणि उजवा खांदा दिसावा.

आता त्या वाटेवर नेमकं काय करायचं असतं ते सांगतो, कारण कौशल्याचा प्रश्न असता तर मेहुणा पडलाच नसता.

चिल्टर्नची उभी बाजू वायव्येला तोंड करून आहे. हिवाळ्यात इकडे सूर्य मुळातच खालून जातो. त्या उतारांना तो जेमतेम लागतो. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च या बाजूच्या जंगलातल्या वाटा दिवसचे दिवस वाळत नाहीत, वर निळं आभाळ असलं तरी. माथ्यावर वेगळीच तऱ्हा: चॉकच्या वर चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर आहे, तो हिवाळाभर चिखल धरून ठेवतो. तेव्हा एकाच फेरीत तुम्हाला तीन जमिनी भेटतात: वर चिखल, मध्ये उन्हातला कोरडा चॉक, खाली सावलीतला ओला चॉक. मधल्या टप्प्यावर मिळालेला आत्मविश्वास खालच्या टप्प्यावर अंगाशी येतो. माझा नियम साधा आहे: ब्रेक उन्हात लावायचा. सावलीची रेघ दिसली की तिच्या अलीकडेच वेग उतरवायचा आणि आत शिरताना हात ब्रेकवर फक्त टेकलेले. मूळ आलंच तर चाक त्याला काटकोनात न्यायचं, त्या क्षणी ब्रेक सोडायचा, हँडल वळवायचं नाही, अंग हलकं करून वरून जाऊ द्यायचं. तिरकं मूळ आणि दाबलेला पुढचा ब्रेक ही जोडी एकत्र येऊ द्यायची नाही. जमत नसेल तर उतरून सायकल हातात धरा. इथे उतरून चालणाऱ्याला कुणी हसत नाही. हसलं तर तो अजून पडलेला नाही एवढंच समजायचं.

पानगळीत आणखी एक भानगड असते. पानं सगळं सारखं करून टाकतात. मूळही झाकतात आणि खड्डेही. चिल्टर्नच्या जंगलात जुन्या कामाचे खड्डे जागोजागी आहेत. इथल्या हाय विकम गावचा खुर्ची-धंदा जोरात होता तेव्हा जंगलातच बसून बीचच्या खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर होते, आणि खड्ड्यात एक माणूस, वर एक माणूस असे ओंडके कापणारे करवते होते. त्यांचे लांबट खड्डे अजून तसेच आहेत. चॉक आणि गारगोट्या काढलेले खड्डेही आहेत. वाटेवरून दोन हात बाजूला गेलात आणि पानांच्या गादीवर सायकल घातलीत, तर ती गादी कंबरभर खोल निघू शकते. थंडीत सकाळी जमीन गोठलेली असते तेव्हा पकड छान मिळते, म्हणून लोक पहाटे जातात. त्यांनी दुपारच्या आत परतावं, कारण दव-बर्फ वितळलं की वरचा बोटभर थर लोण्यासारखा होतो आणि खालचा अजून कडक असतो. ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे गेली की पावणेपाचच्या आत सूर्य बुडतो, आणि बीचच्या जंगलात त्याहून आधीच काळोख होतो. दिवा घ्या, घरी लवकर परतायचं ठरवलेलं असलं तरी घ्या.

टायरबद्दल थोडं. चॉकमध्ये सिलिकाच्या गाठी असतात, त्याच या गारगोट्या, म्हणजे चकमकीचे दगड. फुटल्या की कडा पात्यासारख्या होतात. अश्मयुगातल्या माणसाने याच दगडाची हत्यारं केली, तेव्हा टायरच्या बाजूच्या भिंतीची काय कथा. ट्यूब असलेला टायर कमी हवेवर चालवला तर गारगोटीवर आदळून पंक्चर होतो आणि जास्त हवेवर चालवला तर ओल्या चॉकवर घसरतो. या कात्रीतून सुटायचं तर ट्यूबलेस घ्या. माझं वजन पंच्याहत्तर किलोच्या आसपास, टायर २.४ इंची, मी हिवाळ्यात २२ ते २४ पीएसआय ठेवतो. सोबत प्लग, आणि एक ट्यूब तरीही. भाड्याची सायकल असेल तर दुकानातच हवा मोजून घ्या आणि खोल नक्षीचे टायर मागा. दुकानदार गोड बोलेल, आपण ऐकायचं नाही. फेरी झाली की सायकल त्याच दिवशी धुवा. चॉकचा लगदा वाळला की प्लास्टरसारखा घट्ट होतो, साखळीत आणि डिरेलरमध्ये बसतो आणि ब्रेकचे पॅड तर पॉलिश पेपरसारखे झिजवतो.

आता वाटांचा कायदा. यात आपली माणसं फार गोंधळतात, कारण आपल्याकडे पायवाट दिसली की सायकल घालायला कुणाची ना नसते. इंग्लंडात वाटेवर छोट्या बाणांच्या खुणा असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे ब्रायडलवे, घोडेस्वार, चालणारे आणि सायकली. जांभळा आणि लाल असतील तरी सायकलला मोकळीक आहे. १९६८च्या कायद्याने ब्रायडलवेवर सायकलला हक्क मिळाला, पण त्याच कायद्यात अट आहे: चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची. पिवळ्या वाटेवर सायकल घालणं हा बहुतेक ठिकाणी फौजदारी गुन्हा नाही, पण जमीनमालकाच्या हद्दीत घुसखोरी ती घुसखोरीच. आणि २०००च्या कायद्याने खुल्या केलेल्या माळरानांवर जाण्याचा हक्क पायी जाणाऱ्यांना आहे, सायकलला नाही.

सगळ्यात जास्त लोक रिजवेवर फसतात. ही राष्ट्रीय वाट एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत जाते, १३९ किलोमीटर. नाव ऐकून माणूस वेंडोव्हरला येतो आणि खुणांमागे सायकल हाकतो. पण ही वाट थेम्सच्या पश्चिमेला, गोरिंगच्या पलीकडे, बहुतांशी सायकलला खुली आहे. थेम्सच्या पूर्वेला, म्हणजे आपल्या चिल्टर्नमध्ये, तिचे बरेच तुकडे फक्त पायी चालणाऱ्यांचे आहेत. लांबची सलग फेरी हवी असेल तर साउथ डाउन्स वे धरा. तोही चॉकवरच, विंचेस्टर ते ईस्टबोर्न १६० किलोमीटर, आणि सायकलवाल्याला शेवटपर्यंत वाट मिळते. चिल्टर्नसाठी १:२५,००० मापाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा उघडा: हिरव्या लांब रेघा ब्रायडलवेच्या, हिरव्या आखूड रेघा पायवाटेच्या. वेंडोव्हरच्या आसपास नव्या वेगवान रेल्वेच्या कामामुळे काही वाटा वळवल्या गेल्या, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका.

घोडा दिसला की बेल वाजवू नका. लांबूनच माणसाच्या आवाजात हाक द्या, म्हणजे मागून येतोय तो प्राणी नाही, माणूस आहे हे घोड्याला कळतं. वेग पायी चालण्याइतका करा, स्वार खूण करेल तेव्हा ऐसपैस अंतर ठेवून जा. घोडा बिथरला तर स्वार पडतो, आणि त्या उंचीवरून पडणं आपल्या पडण्याहून वाईट.

जंगलाचंही ऐका. इथल्या पुष्कळ तुकड्यांना ‘प्राचीन वनभूमी’ म्हणतात. इंग्लंडात त्याचा अर्थ १६०० सालापासून अखंड जंगल असलेली जागा. झाडं तेवढी जुनी असतीलच असं नाही, खुर्चीवाल्यांनी ती अनेकदा तोडली आणि पुन्हा वाढू दिली. जुनी असते ती माती. तिच्यात बुरशीचे धागे, कंद, बिया इतक्या काळ कुणी न नांगरता राहिलेल्या असतात आणि ती बिघडली की माणसाला पुन्हा करता येत नाही. चिखलाचा पट्टा आला की आपण बाजूने जातो, मागचा त्याच्याही बाजूने, आणि हिवाळ्याअखेर हातभर वाट बैलगाडीएवढी रुंद होते. एप्रिल-मेमध्ये ब्लूबेलची निळी चादर दिसते, तिची पानं टायरखाली चिरडली तर कंदाला अन्न मिळत नाही. बीचची मुळंही वरवरची असतात, त्यांच्यावरची माती दाबली गेली की झाड हळूहळू वाळतं. म्हणून चिखल आला तर मधून जा, नाहीतर त्या दिवशी जाऊच नका. आणि फावडं घेऊन उड्यांचे उंचवटे रचणाऱ्या पोरांच्या नादी अजिबात लागू नका. जंगलातून लांबच लांब जाणारा एक चर आणि बांध दिसेल, तो ग्रिम्स डिच, लोहयुगातला. त्याचे बरेच भाग संरक्षित स्मारक आहेत, आणि त्यावर खणणं हा मात्र खराच गुन्हा.

उन्हाळ्यात गोचीड. हरणं भरपूर आहेत, त्यामुळे गवतात गोचीडही आहे आणि तिच्यातून लाइम आजार होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरकडे जाऊन गोचीड चावल्याचं आठवणीने सांगा.

आता पैशाचं. हे मी शेवटी ठेवलंय, पण घडलं तेव्हा हाडापेक्षा हेच जास्त दुखलं. इंग्लंडात अपघात विभागातले उपचार सगळ्यांना मोफत असतात, व्हिजिट व्हिसावर आलेल्यालाही. त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही निर्धास्त होतो. पण तिथून पुढे वॉर्डात भरती किंवा हाडांच्या ओपीडीतली पुढची तपासणी आली की परदेशी पाहुण्याला पैसे पडतात, तेही ठरलेल्या दराच्या १५० टक्के. इथे नोकरी किंवा शिक्षणासाठी येताना व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेल्यांना हे लागू नाही. पाहुण्यांना लागू आहे. मेहुण्याने प्रवास विमा काढला होता, आणि पॉलिसीच्या बारीक अक्षरांत ‘साहसी खेळ’ वगळलेले होते. भारतातल्या विमा एजंटाने सायकल चालते असं तोंडी सांगितलं होतं. कंपनीच्या लेखी सायकल म्हणजे सडकेवरची. जंगलातली उताराची वाट म्हणजे साहसी खेळ. दावा नामंजूर झाला.

तेव्हा पाहुणा येणार असेल तर सायकलच्या दुकानात फोन करण्याआधी त्याची पॉलिसी मागवून स्वतः वाचा. ‘माउंटन बाइकिंग’ हे शब्द छापलेले दिसले पाहिजेत, तोंडी होकार धरू नका. नसतील तर जादा हप्ता भरून घालून घ्या, आणि ते विमान सुटण्याआधीच करा. तेवढं जमलं नाही तर त्याला मे-जूनमध्ये बोलवा आणि वेंडोव्हरच्या जंगलात पायी फिरवून आणा.